रबराचा ध्यास घेतलेला माणूस : चार्ल्स गुडइयर

विद्यार्थी मित्रहो, आपल्या इंदूरच्या पोलोग्राउंडचे नाव ऐकून परगावच्या पाहुण्याच्या डोळ्यांपुढे हिरवेगार मैदान आणि घोड्यांवरून दौडणारे खेळाडू उभे राहतात. प्रत्यक्ष येऊन पाहावे, तर येथे कारखाने, गोदामे आणि मालमोटारींची वर्दळ आढळते. अशा वर्दळीच्या रस्त्याने जाताना एखाद्या पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर क्षणभर थांबून पाहा. मालमोटारीची फाटलेली ट्यूब तो घासून स्वच्छ करतो, तिच्यावर कच्च्या रबराचा तुकडा बसवतो, आणि लोखंडी पकडीत आवळून त्याला आच देतो. थोड्या वेळाने पकड सोडली, की तुकडा व ट्यूब एकजीव झालेली असतात. या क्रियेला व्हल्कनायझिंग म्हणतात. दुकानांच्या पाट्यांवर हा शब्द कधी शुद्ध, कधी अशुद्ध लिहिलेला असतो. परंतु त्या एका शब्दापायी एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या माणसाचे नाव चार्ल्स गुडइयर. हे नाव आपण मोटारीच्या टायरवर वाचतो आणि तो टायरचा मोठा कारखानदार असावा, अशी समजूत करून घेतो. वस्तुस्थिती फार निराळी आहे. त्याने आयुष्यात एकही मोटार पाहिली नाही. त्याच्या नावाची अमेरिकेतील प्रसिद्ध कंपनी १८९८ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी निघाली, आणि तिच्याशी त्याच्या घराण्याचा काही संबंध नव्हता. संस्थापकांनी केवळ आदराने त्याचे नाव घेतले होते. खुद्द गुडइयर मरण पावला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते.

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील न्यू हेवन या गावी झाला. त्याचे वडील अमासा हे उद्योगी गृहस्थ होते. ते बटणे, शेतीची अवजारे आणि लोखंडी सामान तयार करीत. मुलगा वडिलांच्या हाताखाली वाढला. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याला लोखंडी सामानाचा व्यापार शिकण्यासाठी फिलाडेल्फिया शहरी पाठविण्यात आले. शिकून परतल्यावर तो वडिलांचा भागीदार झाला. १८२४ साली क्लॅरिसा बीचर हिच्याशी त्याचा विवाह झाला. दोन वर्षांनी त्याने फिलाडेल्फियात स्वतःचे दुकान थाटले. आरंभी धंदा चांगला चालला. पुढे उधारी वाढली, प्रकृती बिघडली, आणि १८३० च्या सुमारास पितापुत्रांचा व्यवसाय बुडाला. त्या काळी कर्ज फेडता न येणाऱ्याला कैदेत टाकण्याची पद्धत होती. चार्ल्सलाही तुरुंगाची वाट दिसली, आणि पुढे ती वाट त्याला पुन्हा पुन्हा तुडवावी लागली.

आता त्या काळचे रबर कसे होते, ते पाहू. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात एक वृक्ष होतो. त्याच्या सालीला चीर दिली, की दुधासारखा चीक पाझरतो. तो सुकला की कच्चे रबर तयार होते. इंग्रजीत त्याला इंडिया रबर म्हणत, परंतु आपल्या भारताशी त्याचा संबंध नव्हता. १७७० साली जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने त्याने पेन्सिलीचे लिखाण पुसता येते असे नमूद केले, तर १८२३ साली स्कॉटलंडमध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने त्यापासून पाणी न शिरणारे कापड बनविले. अमेरिकेत १८३० नंतर रबराचे जणू वेडच लागले. जोडे, टोप्या, अंगरखे, जीवरक्षक पट्टे, सारे काही रबराचे होऊ लागले, आणि लोकांनी रबराच्या कंपन्यांत भराभर पैसा ओतला.

पण या रबराला एक मोठा दोष होता. ऋतू बदलला की त्याचा स्वभाव बदले. उन्हाळ्यात ते मऊ पडून चिकट होई, वितळे आणि त्याला दुर्गंधी सुटे. हिवाळ्यात ते लाकडासारखे ताठ होई आणि वाकविले तर तडके. अमेरिकेच्या त्या भागात उन्हाळा कडक आणि हिवाळा हिमाचा. त्यामुळे जानेवारीत घेतलेले जोडे जुलैत गोळा होऊन बसत. लोकांनी माल परत केला आणि कंपन्या एकामागून एक बुडू लागल्या.

१८३४ साली गुडइयर न्यूयॉर्कला गेला असता रॉक्सबरी येथील रबर कंपनीच्या दुकानात शिरला. तेथील जीवरक्षक पट्ट्याची हवा भरण्याची झडप त्याला सदोष वाटली. काही दिवसांनी तो सुधारलेली झडप करून घेऊन आला. दुकानाच्या व्यवस्थापकाने त्याचे कौतुक केले, पण खरी गोष्टही सांगून टाकली. झडप सुधारून उपयोग नव्हता, कारण दोष मुळात रबरातच होता. उन्हाळ्यात वितळलेला हजारो डॉलरचा माल कंपनीकडे परत आला होता, आणि ती डबघाईला आली होती. जो कोणी रबराला उष्णतेत व थंडीत सारखे ठेवील, त्याला ही कंपनीच काय, सारा व्यापार डोक्यावर घेईल, हे गुडइयरने ओळखले. त्या दिवसापासून त्याच्या आयुष्यात दुसरा विषय राहिला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गुडइयर रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, पैसा तर नव्हताच. फिलाडेल्फियाला परतताच कर्जापायी त्याला अटक झाली, आणि त्याचे पहिले प्रयोग तुरुंगाच्या खोलीत सुरू झाले. कच्चे रबर स्वस्त होते. पत्नीने पोळपाट-लाटण्यासारखे साधन आणून दिले, आणि तो रबराचा गोळा मळून, लाटून, त्यात एकेक पदार्थ मिसळून पाहू लागला.

प्रथम त्याने मॅग्नेशिया मिसळला. रबर पांढरे, मऊ व सुरेख झाले. सुटका झाल्यावर बायकामुलांच्या मदतीने त्याने घरातच शेकडो जोडे तयार केले. उन्हाळा आला आणि सारे जोडे पाघळले. मग त्याने रबर कळीच्या चुन्याच्या पाण्यात उकळून पाहिले. त्याचा चिकटपणा गेला, लोकांनी वाहवा केली. परंतु फळांच्या रसासारखे एखादे सौम्य आम्ल लागले तरी ते पुन्हा चिकट होई. पुढे नायट्रिक आम्लाचा प्रयोग झाला. त्याने रबराचा वरचा थर चांगला सुकला, आणि १८३७ साली या कृतीचे पेटंटही मिळाले. त्या आम्लाच्या वायूने एकदा तो बंद खोलीत गुदमरून मरता मरता वाचला. धंदा उभा राहतो आहे असे वाटते न वाटते, तोच त्या वर्षीच्या आर्थिक संकटात भागीदाराचे भांडवल नाहीसे झाले.

अशा दिवसांत गुडइयर स्वतः रबराचा अंगरखा, रबराची टोपी आणि रबराचे जोडे घालून हिंडे. आपल्या मालाची जाहिरात आपणच करावी, असा त्याचा हेतू. लोक त्याला वेडा म्हणत. घरातील किडूकमिडूक गहाण पडले. शेजारीपाजारी दया करून दूध आणि बटाटे देत, तेव्हा मुलांच्या पोटात अन्न जाई.

१८३८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुबर्न गावी त्याची गाठ नॅथॅनियल हेवर्ड या कारागिराशी पडली. रबरात गंधक मिसळून ते उन्हात वाळविले तर चिकटपणा कमी होतो, हे हेवर्डने शोधून काढले होते. गुडइयरने त्याचा हक्क विकत घेतला. त्याच सुमारास सरकारने त्याला रबरी कापडाच्या १५० टपालपिशव्या बनविण्याचे काम दिले. पिशव्या देखण्या झाल्या. त्या गोदामात टांगून तो काही दिवस बाहेरगावी गेला. परत येऊन पाहतो, तर उकाड्याने पिशव्या मऊ होऊन आपल्याच भाराने बंदांपासून सुटून पडल्या होत्या. वरचा थर सुधारला होता, आतले रबर मात्र होते तसेच राहिले होते. या फजितीनंतर मित्रांनीही त्याची साथ सोडली.

आणि मग १८३९ च्या हिवाळ्यात ती घटना घडली. गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. उष्णतेने रबर वितळते, हा आजवरचा अनुभव. पण हा तुकडा वितळला नाही. तो चामड्यासारखा करपला, आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक चिंचोळी पट्टी अशी राहिली, की ती मऊ होती, लवचिक होती आणि चिकट मुळीच नव्हती. तो तुकडा त्याने रात्रभर बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत ठेवला, असे सांगतात. सकाळी पाहिले, तर तो पूर्वीइतकाच लवचिक होता. ज्या उष्णतेला सारे रबराचा शत्रू समजत, तीच गंधकाच्या संगतीने त्याची मित्र झाली होती.

पुष्कळ पुस्तकांत ही गोष्ट निव्वळ दैवयोग म्हणून सांगितली जाते. स्वतः गुडइयरला हे मान्य नव्हते. शेगडीवर करपलेले रबर त्याच्यापूर्वी इतरांनीही पाहिले असेल. त्यांनी ते फेकून दिले. पाच वर्षे एकच प्रश्न उराशी बाळगणाऱ्या माणसालाच त्या करपलेल्या तुकड्याच्या कडेची चांगली पट्टी दिसू शकली.

गंधकाने आणि उष्णतेने नेमके काय होते, हे आज शास्त्राने उलगडले आहे. रबराचे रेणू लांबच लांब धाग्यांसारखे असतात. कच्च्या रबरात हे धागे सुटे असतात, म्हणून उष्णतेने ते एकमेकांवरून घसरतात आणि रबर पाघळते. गंधक घालून तापविले, की गंधकाचे अणू दोन धाग्यांमध्ये ठिकठिकाणी गाठी मारतात. सुट्या धाग्यांचे जाळे होते. जाळे ताणले तर ताणले जाते, पण सोडताच मूळ आकाराला येते. त्याचे धागे वाहून जात नाहीत. गाठी थोड्या असल्या तर रबर मऊ होते, फार असल्या तर टणक होते. गुडइयरला रेणूंची ही माहिती असणे शक्य नव्हते. त्याला फक्त हाताने आणि डोळ्यांनी शोध घ्यावयाचा होता.

म्हणूनच त्याचा खरा वनवास शोध लागल्यानंतर सुरू झाला. उष्णता किती द्यावी, किती वेळ द्यावी, गंधक किती घालावे, हे काहीच ठाऊक नव्हते. कमी तापले तर रबर कच्चे राही, जास्त तापले तर करपे. पत्नीची पाव भाजण्याची भट्टी रिकामी झाली, की तो तिच्यात रबर ठेवी. आसपासच्या कारखान्यांत जाऊन, कामगार घरी गेल्यावर भट्टीची उरलेली आच वापरू द्या, अशी विनवणी करी. अखेर दाबाखालच्या वाफेत सुमारे १३० अंश सेल्सिअस उष्णतेला चार ते सहा तास ठेवल्यास रबर एकसारखे पक्के होते, असे त्याला आढळून आले. एवढे कळायला कित्येक वर्षे लागली.

त्या वर्षांत त्याच्या घराने काय सोसले, ते वाचताना मन सुन्न होते. घरातील सामान विकले गेले. मुलांची शाळेची पुस्तकेही विकावी लागली. त्याच काळात त्याचे एक लहान मूल दगावले, आणि अंत्यविधीलाही घरात पैसे नव्हते. एकंदर बारा मुलांपैकी सहा बालपणीच वारली. कर्जापायी तो पुन्हा बोस्टनच्या तुरुंगात गेला. एवढ्या हलाखीतही फ्रान्समधील एका कंपनीने त्याच्या जुन्या आम्लकृतीचे हक्क विकत मागितले, तेव्हा त्याने ते विकले नाहीत. आपली नवी कृती बाहेर येताच जुनी निरुपयोगी ठरेल, म्हणून तिचे पैसे घेणे अप्रामाणिकपणाचे होईल, असे त्याने कळविले. ज्याच्या घरी दुसऱ्या दिवसाचे अन्न नव्हते, त्याचे हे वर्तन होते.

पुढे न्यूयॉर्कचे रायडर बंधू आणि त्याचा मेहुणा द फॉरेस्ट यांनी पैशाची मदत केली, आणि १५ जून १८४४ रोजी गुडइयरला अमेरिकेचे पेटंट मिळाले. परंतु उशीर झाला होता. त्याच्या रबराचे नमुने इंग्लंडात पोहोचले होते. तेथे थॉमस हँकॉक हा रबराचा जाणता कारखानदार होता. नमुन्यांवर गंधकाचा अंश ओळखून त्याने स्वतः प्रयोग केले, आणि १८४३ च्या नोव्हेंबरात, गुडइयरपेक्षा काही आठवडे आधी, इंग्लंडात पेटंटचा अर्ज केला. या क्रियेला रोमन लोकांच्या अग्निदेवतेच्या, व्हल्कनच्या, नावावरून व्हल्कनायझेशन हे नाव मिळाले, तेही इंग्लंडातच.

अमेरिकेतही अनेकांनी त्याची कृती उचलली. १८५२ साली ट्रेंटन येथे होरेस डे नावाच्या कारखानदाराशी मोठा दावा चालला. गुडइयरच्या बाजूने डॅनियल वेब्स्टर हे विख्यात वकील व मुत्सद्दी उभे राहिले. दावा जिंकला, पण वेब्स्टर यांची १५,००० डॉलरची फी गुडइयरच्या त्या काळच्या मिळकतीच्या मानाने फार मोठी होती. कृती वापरण्याचे परवाने तो इतक्या अल्प मोबदल्यात देई, की त्याच्या शोधावर इतर लोक श्रीमंत झाले आणि तो कर्जबाजारीच राहिला. शोध लावणे आणि शोधाचा व्यवहार सांभाळणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पहिले त्याच्याकडे अपूर्व होते, दुसरे मुळीच नव्हते.

१८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. गुडइयरने तेथे एक संपूर्ण दालन रबराचे उभारले. भिंती, सामान, गालिचे, दागिने, सारे रबराचे. त्यासाठी त्याने तीस हजार डॉलर उधळले. १८५३ साली क्लॅरिसा इंग्लंडातच निवर्तली. पोळपाटावर रबर लाटण्यापासून टपालपिशव्यांपर्यंत प्रत्येक प्रयोगात जिचा हात होता, तिच्या वाट्याला सुखाचे दिवस फारसे आलेच नाहीत. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनातही गुडइयरने असेच भव्य दालन मांडले. फ्रान्समधील त्याचे पेटंट रद्द झाले, येणे थांबले, आणि कर्जापायी त्याला पॅरिसच्या तुरुंगात ठेवण्यात आले. दैवाचा खेळ पाहा : सम्राट तिसऱ्या नेपोलियनने बहाल केलेला लीजन ऑफ ऑनरचा क्रॉस त्याला मिळाला, तो त्या तुरुंगाच्या खोलीत.

१८६० च्या उन्हाळ्यात मुलगी मरणासन्न असल्याचे कळताच आजारी गुडइयर तिच्या भेटीला न्यू हेवनकडे निघाला. न्यूयॉर्कला पोहोचतो तो ती गेल्याची वार्ता आली. तो तेथेच कोसळला, आणि १ जुलै १८६० रोजी त्याचे देहावसान झाले. ज्या गावी जन्म झाला, त्याच न्यू हेवनच्या दफनभूमीत त्याला चिरविश्रांती मिळाली.

त्याच्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्ट शहरातील जॉन डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेले रबरी टायर तयार केले. तशी कल्पना रॉबर्ट थॉमसनने १८४५ सालीच मांडली होती, पण तिचा काळ आला नव्हता. १८९५ साली मिशलिन बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार शर्यतीत उतरविली. हे सारे गुडइयरच्या रबरावाचून अशक्य होते. कच्च्या रबराचे टायर मे महिन्याच्या डांबरी रस्त्याला चिकटून बसले असते.

रबराचा वृक्षही ॲमेझॉनच्या खोऱ्याबाहेर पडला. १८७६ साली हेन्री विकहॅमने त्याचे बी लंडनला आणले, आणि तेथून त्याची रोपे आशियात पसरली. आज भारतातील नैसर्गिक रबराचा बराच मोठा भाग केरळातून येतो. १९५८ साली सीएट कंपनी मुंबईत स्थापन झाली. आपल्या मध्य प्रदेशात मुरैना जिल्ह्यात बानमोर येथे, आणि इंदूरजवळ पीथमपूरच्या औद्योगिक भागात, टायरचे मोठे कारखाने उभे राहिले. तेथे साच्यात कच्चा टायर घालून त्याला दाब आणि उष्णता देतात, तेव्हा गंधक तेच काम करते, जे वुबर्नच्या शेगडीवर झाले होते.

आता कोणी विचारील, की गुडइयरचा प्रश्न कायमचा सुटला काय ? याचे उत्तर आपल्या घराच्या अंगणातच मिळेल. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी लहान एसयूव्ही मोटार असेल. तिचे टायर झिजले, की नवे कोणते घ्यावे याची चर्चा घरात होते, आणि ती चर्चा मुळात उन्हाळ्या-हिवाळ्याचीच असते.

युरोप व कॅनडासारख्या शीत देशांत दोन प्रकारचे टायर वापरतात. सुमारे सात अंशांच्या खाली पारा गेला, की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि रस्त्यावरची त्याची पकड सैल होते. म्हणून हिवाळी टायरचे रबर मुद्दाम अधिक मऊ ठेवतात. त्यात सिलिका घालतात, खाचा खोल ठेवतात आणि पृष्ठभागावर असंख्य बारीक चिरा पाडतात, जेणेकरून बर्फावरही ते पकड घेईल. अशा टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर हिवाळ्यात असे टायर लावणे २००८ पासून कायद्यानेच सक्तीचे आहे. मग ते बाराही महिने का ठेवीत नाहीत ? कारण तेच मऊ रबर तापलेल्या रस्त्यावर लवकर झिजते आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. थंडीला मानवणारे रबर उन्हाला मानवत नाही. गुडइयरने दोन्ही ऋतूंतले अंतर फार मोठ्या प्रमाणात कमी केले, अगदी नाहीसे मात्र कोणालाच करता आलेले नाही.

आपल्या माळव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हुडहुडी भरते, पण दुपारी ऊन पडते. आणि मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. त्यामुळे इंदूरच्या मोटारीला हिवाळी टायरचे प्रयोजन नाही. आपल्याला पाहावयाचे असते ते उष्णता, पावसाळा आणि झीज. टायरच्या बाजूवर २१५/६० आर १६ असा काही मजकूर असतो. त्यातील २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे रुंदीच्या शेकडा साठ इतकी बाजूची उंची, आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि १६ म्हणजे चाकाच्या रिमचा इंचांतील व्यास. मोटारीच्या पुस्तिकेत जे माप असेल तेच घ्यावे. बाजूवर चार आकड्यांचा एक शिक्काही असतो; पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. १४२३ असे असेल, तर तो टायर २०२३ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला. हे का पाहावे ? दुकानात नुसता पडून राहिला तरी टायर म्हातारा होतो. हवेतील प्राणवायू रबराच्या त्या जाळ्यावर हळूहळू काम करीत राहतो. रबर कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. तसेच खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदललाच पाहिजे; नाहीतर पावसात खाचांतून पाणी निघून जात नाही आणि गाडी घसरते. एकदा पक्के झालेले रबर पुन्हा वितळवून त्याचा नवा टायर ओतता येत नाही, कारण त्या गाठी सहजी सुटत नाहीत. जी गाठ टायरला टिकवते, तीच त्याला पुन्हा कच्चा होऊ देत नाही.

मित्रहो, थोर पुरुषांची चरित्रे वाचून आपण बहुधा चिकाटीचा धडा घेतो. गुडइयरच्या चरित्रातून तो घ्यावाच. पण त्याबरोबर आणखी एक विचार मनात यावा. जगाला मिळालेल्या या देणगीची किंमत एकट्या गुडइयरने मोजली नाही. ज्यांची शाळेची पुस्तके विकली गेली, त्या मुलांनी ती मोजली. ज्या आईने उपाशीपोटी रबर लाटले, तिनेही ती मोजली. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांच्या नावाचा टायर कोठेही नाही. ध्येयासाठी स्वतः झिजणे थोर आहे. दुसऱ्याला झिजविताना मात्र माणसाने दहा वेळा विचार करावा. हे दोन्ही एकाच चरित्रात दिसते, म्हणून ते मला इतरांहून अधिक खरे वाटते.

पुढच्या खेपेला पोलोग्राउंडच्या रस्त्यावर पंक्चरवाला लोखंडी पकड आवळताना दिसेल, तेव्हा त्या धुराच्या वासाला नाक मुरडू नका. क्षणभर थांबा. त्या आचेत गंधक आणि रबर यांची गाठ पडत असते, आणि वुबर्न गावच्या त्या थंड रात्री बाहेर ठेवलेला तो लहानसा तुकडा सकाळी हाती घेऊन वाकवून पाहणारा एक कफल्लक माणूस तेथे आठवावा.